माळ राखायचा कसा: नाशिकच्या कोरड्या पट्ट्यात हरणं, माती आणि गवत सांभाळणाऱ्या नवख्यांसाठी

येवला, नांदगाव, चांदवड किंवा सिन्नरच्या पूर्व भागात तुमच्या वाट्याला पाच-दहा एकर मुरमाड जमीन आली असेल, त्यातला निम्मा माळ असेल आणि सकाळी तिथे काळविटांचा कळप चरताना दिसत असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. जमीन वाटणीत आलेली असो की नुकती घेतलेली, कामाचा क्रम तोच.

सगळ्यात आधी एक विनंती. पहिल्या पावसात शंभर रोपं आणून खड्डे घेऊ नका. गावात अशा जमिनीला पडीक म्हणतात, सरकारी कागदावर ती पोटखराबा असते, त्यामुळे तिथे झाडं लावणं हेच पुण्यकर्म असं आपल्याला वाटतं. पण या पट्ट्यात वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, वीतभर मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. इथलं मूळचं रान म्हणजे गवत आणि त्यात विखुरलेली बोर, हिवर, बाभळीची झाडं. काळवीट डोळ्यांच्या भरवशावर जगतं. धोका लांबून दिसला की ताशी ८० किलोमीटरपर्यंतच्या वेगाने पळायचं, हाच त्याचा बचाव. त्याच्या माळावर दाट झाडी उभी केली तर कुत्रं किंवा लांडगा अगदी जवळ येईपर्यंत त्याला दिसणार नाही. मग कळप ती जागा सोडतो आणि मोकळ्या शेतांकडे सरकतो. म्हणजे हरणांसाठी म्हणून केलेलं काम हरणांना हुसकावतं आणि शेजाऱ्याच्या हरभऱ्याचं नुकसान करतं. आपल्याकडच्या हौशी वृक्षारोपणात ही चूक मला सगळ्यात जास्त सलते, कारण ती चांगल्या मनाने केलेली असते.

इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा हा पश्चिम भाग वेगळा. इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, तिथे जंगल हेच मूळचं रूप आहे आणि दाट झाडीत राहणारं भेकर तिथलं. तिकडे झाडं राखणं योग्य. त्यासाठीही रोपांपेक्षा तोड आणि वणवा थांबवून जुन्या बुंध्यांना फुटवे येऊ देणं जास्त कामाचं. तिकडच्या वाचकांनी या लेखातलं कुंपण, विहीर आणि कायद्याचं तेवढं घ्यावं.

कागद आणि हद्द

सातबारा आणि गटाचा नकाशा काढा. सरकारी मोजणी झालेली नसेल तर करून घ्या आणि हद्दीला दगड रोवा. शेजारी वनखात्याची जमीन किंवा गायरान असेल तर हे पहिल्याच महिन्यात करायला हवं. कारण एकदा तुम्ही गवत राखायला लागलात की हद्दीचा वाद हमखास उभा राहतो. जमीन अजून घ्यायची असेल तर लक्षात ठेवा, महाराष्ट्रात शेतजमीन घेणाऱ्याकडे शेतकरी असल्याचा पुरावा लागतो.

काळवीट आणि चिंकारा हे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. जमीन तुमची असली तरी त्यावर चरणारं जनावर तुमचं नाही. त्याला पकडणं, पाळणं, जखमी करणं, मेलेल्या नराची शिंगं घरात आणून ठेवणं, सगळाच गुन्हा आहे. झाडांचंही तसंच. साग, खैर, चंदन, मोह अशी काही झाडं स्वतःच्या शेतातली असली तरी तोडायला १९६४च्या झाडतोड कायद्याखाली परवानगी लागते.

पहिलं वर्ष फिरण्याचं

नवख्या माणसाला हेच सगळ्यात जड जातं. पावसाळा, हिवाळा, उन्हाळा असं एक पूर्ण चक्र जमिनीवर फिरून काढा. कागदावर जमिनीचा ओबडधोबड नकाशा काढा आणि त्यावर खुणा करत जा: पाणी कुठून येतं, कुठे ओघळ पडलाय, गवत कुठे उंच आहे, मुरूम कुठे उघडा आहे. काळविटाचे नर ठरावीक जागीच लेंड्या टाकतात, त्यांचे ढीग दिसतील. त्या जागा नकाशावर घ्या. तिथे नराचा ठिय्या असतो, तिथून रस्ता, पाइपलाइन किंवा पाणवठा नेऊ नका.

गवत वाचायला शिका. पवन्या, शेडा, मारवेल, डोंगरी ही बारमाही गवतं ठोंबाने वाढतात आणि माती घट्ट धरतात. अतिचराई झालेल्या किंवा दरवर्षी जळणाऱ्या माळावर ती मागे पडतात आणि कुसळी पसरते. कुसळी म्हणजे वाईटच असं नाही. कोवळी असताना ती जनावरं खातात आणि उघड्या मुरमापेक्षा ती केव्हाही बरी. पण सगळीकडे कुसळीच असेल तर माळ थकलाय असं समजा. त्याहून थकलेल्या माळावर फक्त तरवड, गाजरगवत आणि दगड उरतात. तरवड जनावरं खात नाहीत म्हणून तो टिकतो. तो इथलाच आहे, त्याला उपटू नका.

मोजायची एक सोपी रीत आहे. ऑक्टोबरात एका खुणेच्या दगडापासून सरळ रेषेत शंभर पावलं चाला. प्रत्येक पावलाला बुटाच्या टोकाखाली काय आलं ते लिहा: बारमाही गवत, कुसळी, इतर तण, दगड, उघडी माती. शंभरपैकी किती, तेच टक्के. पुढच्या ऑक्टोबरात त्याच रेषेवर पुन्हा. त्याच दगडावर उभं राहून त्याच दिशेचा फोटोही काढा. चार वर्षांनी काय बदललं ते हे कागद नीट सांगतील, आठवणीवर विसंबू नका.

मातीचा नमुना उन्हाळ्यात घ्या. जिथे नांगरट होते त्या तुकड्याचा वेगळा आणि न नांगरलेल्या माळाचा वेगळा. प्रत्येकी आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खड्डा घेऊन त्याच्या कडेची माती खरवडायची, एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो उरेपर्यंत. नाशिकच्या मृदा चाचणी प्रयोगशाळेत ती देता येते, आणि मुक्त विद्यापीठाच्या कृषी विज्ञान केंद्रात अहवाल समजावून घेता येतो. बाकी आकड्यांपेक्षा सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या मुळा-पाल्यातून मातीत आलेला कार्बन, तो पाहा. न नांगरलेल्या, चांगल्या गवताच्या तुकड्यात तो जास्त असेल, आणि तो फरकच सांगतो की उरलेला माळ नांगराखाली का घालू नये. बारमाही गवताच्या मुळांची जाळी तयार व्हायला वर्षानुवर्षं लागतात, ट्रॅक्टर ती एका दुपारी फाडतो.

माती अडवताना जेसीबी आवरा

पाणी अडवायचं ते वरून खाली, म्हणजे माथ्यापासून. दुष्काळी गावांतल्या श्रमदानामुळे हायड्रोमार्कर, म्हणजे पाण्याच्या नळीने समान पातळी शोधायचं साधन, आता पुष्कळांना माहीत झालाय. तो नसेल तर इंग्रजी ए आकाराची, मध्ये ओळंबा टांगलेली लाकडी चौकट (ए-फ्रेम) करून समपातळी रेषा आखता येते. चढ जास्त असलेल्या आणि गवत उडालेल्या जागीच चर खणा. दोन फूट रुंद, एक फूट खोल, लांबी थोडी, मध्ये अंतर सोडून आणि खालच्या ओळीतला चर वरच्या मोकळ्या जागेसमोर येईल असा. निघालेली माती उताराच्या बाजूला टाका आणि तिच्यावर लगेच गवताचं बी पेरा. उघडा भराव पहिल्या वळवात वाहून जातो आणि खालचा चर भरतो.

जिथे गवत चांगलं आहे तिथे चर नकोत. हे मी ठासून सांगतो, कारण यंत्र एकदा भाड्याने आलं की सगळा माळ खणून काढायचा मोह होतो. जिवंत गवताचा एकसलग पट्टा कोणत्याही चराइतकंच पाणी मुरवतो आणि त्याला डागडुजी लागत नाही. मंद उतारावर समपातळीत दगडांची एक ओळ रचली तरी पुरे. तिच्या वरच्या अंगाला गाळ साचतो, त्यात बी अडकतं आणि दोन पावसाळ्यांत गवताचा बांध तयार होतो. ओघळीत अनगड दगडांचे छोटे बांध घाला. पहिला ओघळ सुरू होतो तिथे, खाली घळ झालीय तिथे नव्हे. मधला भाग कडांपेक्षा खोलगट ठेवा, नाहीतर पाणी बाजूने कापत जातं.

गवत परत आणणं

पुष्कळदा काहीच पेरावं लागत नाही. पहिल्या पावसापासून दिवाळीपर्यंत चराई थांबवली की दबलेले ठोंब वर येतात. दोन पावसाळे थांबून मगच कुठे पेरायचं ते ठरवा.

पेरायचंच तर बी जवळच्या राखलेल्या माळावरून घ्या. कार्तिक-मार्गशीर्षात पिकलेलं बी ओरबाडून गोणपाटात कोरड्या जागी ठेवा. ताजं बी सहसा उगवत नाही, त्याला काही महिने मुरावं लागतं, त्यामुळे पुढच्या जूनला ते बरोबर तयार होतं. बी हलकं असतं, वाऱ्याने उडतं. म्हणून माती आणि शेणखतात कालवून छोट्या गोळ्या करा आणि चांगला पाऊस होऊन जमीन ओली झाल्यावर टाका. मारवेलचे मुळासकट ठोंब दीड-दोन फुटांवर लावले तर लवकर धरतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात गवतांवर संशोधन चालतं, तिथे मारवेल आणि अंजन गवताचं बियाणं किंवा ठोंब कधी मिळतात ते विचारा. गुरांसाठीचं नेपिअर वेगळ्या ओलिताच्या तुकड्यात लावा, माळावर नको.

झाडं हवीच असतील तर बांधाला आणि ओढ्याकाठी. बोर, हिवर, बाभूळ, पळस, आपटा. मोकळ्या माळावर एकरी चार-पाचपेक्षा जास्त नकोत, आणि तीही बी टाकून किंवा आपोआप आलेली. बाभूळ-हिवराच्या शेंगा आणि बोरं उन्हाळ्यात हरणं आवडीने खातात. गिरिपुष्प आणि सुबाभूळ माळात आणू नका. सुबाभूळ बियांनी पसरतो आणि मग आवरत नाही.

वेडी बाभूळ असेल तर काम मोठं आहे. ती वरून तोडली की दहा फांद्यांनी फुटते. पावसाळ्यानंतर जमीन मऊ असताना मुळाच्या गड्ड्यासकट काढायची. तिच्या गोड शेंगा शेळ्या आणि हरणं दोघंही खातात आणि लेंडीतून बी पसरवतात, त्यामुळे शेंगा धरण्याआधीचा हंगाम साधायचा. एकदम सगळं साफ करू नका. एक पट्टा काढा, तिथे गवत धरू द्या, मग पुढचा. घाणेरीचं मूळ जमिनीखाली दोन-तीन बोटं तोडून झुडूप उलटं टाकलं की पुन्हा धरत नाही. गाजरगवत फुलोऱ्याच्या आधी, हातमोजे घालून.

चराई, कापणी, आग

कायमची चराईबंदी हा माझ्या मते चुकीचा आदर्श आहे. अजिबात न चरलेलं, न कापलेलं गवत वाळून गुंतत जातं, खालून नवं फुटत नाही, उन्हाळ्यात ठिणगीची वाट पाहतं. काळविटाला कोवळा, आखूड चारा लागतो आणि पाडसं लपवायला थोडं उंच गवतही लागतं. दोन्ही हवं म्हणून माळाचे तीन भाग करा. एक पूर्ण राखलेला, एक बी गळून गेल्यावर विळ्याने कापायचा, एक जनावरांना मोकळा. दरवर्षी फिरवत राहा. कापताना चार बोटं ठोंब सोडा.

मेंढरं घेऊन येणारे धनगर तुमचे मित्र आहेत. त्यांना आधीच भेटा, कोणता भाग कधी मोकळा आहे ते ठरवा. नांगरटीच्या तुकड्यात मेंढ्या बसवल्या तर त्या लेंडी-मुताइतकं खत बाजारातून आणणं परवडत नाही. गावाशी न बोलता तार ओढणारा माणूस दोन वर्षांत माळ जळालेला पाहतो.

जानेवारी संपायच्या आत हद्दीने आणि रस्त्याकडेने गवत काढून दहा-बारा फुटांचा पट्टा मोकळा करा. वनखातं याला जाळपट्टा म्हणतं आणि ते लोक तो जाळून करतात. तुम्ही नुसता कापून आणि झाडून करा, वाऱ्याच्या दिवसांत नवख्याने काडी लावू नये.

पाणी, विहीर, शेततळं

येवल्याच्या ईशान्येला ममदापूर, राजापूर, सोमठाणे, खरवंडी, देवदरी या गावांच्या आसपास काळविटांसाठी सुमारे ५४ चौरस किलोमीटरचं संवर्धन राखीव क्षेत्र आहे. तिथले कळप हद्द पाळत नाहीत. मार्च ते मे ते पाण्यासाठी खासगी शेतांत येतात आणि बिनकठड्याच्या विहिरींत पडतात, रस्त्यावर गाड्यांखाली येतात. त्यामुळे पाणवठ्याचा पैसा खर्च करण्याआधी विहिरीला कठडा बांधा. तीन-साडेतीन फूट उंच, दगडी असला तरी चालेल. जुन्या, कोरड्या विहिरी विसरू नका, त्यांच्या तोंडाशी गवत वाढलेलं असतं.

अस्तरीकरण केलेलं शेततळं त्याहून वाईट. प्लास्टिकच्या कागदावर खूर ठरत नाही, आत गेलेलं जनावर बाहेर येऊ शकत नाही, पोहून दमतं आणि बुडतं. चारी बाजूंनी जाळीचं कुंपण करा आणि तरीही आत एका कोपऱ्यात दोराने बांधलेल्या जुन्या टायरांची किंवा काथ्याच्या जाड जाळीची शिडी तळापर्यंत सोडून ठेवा. माणसाचं पोरही त्यानेच वाचेल.

पाणवठा करायचा तो परातीसारखा उथळ, एका बाजूने मंद उताराचा, मध्यभागी फूटभर खोल. मोकळ्या जागी, चहूकडे नजर जाईल असा, रस्त्यापासून लांब आणि कळपाला रस्ता ओलांडावा लागणार नाही अशा बाजूला. आठवड्याला रिकामा करून घासा. एकदा उन्हाळ्यात पाणी द्यायला सुरुवात केली की पाऊस येईपर्यंत खंड पडू देऊ नका; सवय लागलेला कळप कोरड्या टाकीपाशी येऊन उभा राहतो आणि मग विहिरींकडे वळतो.

धान्य, मका, भाकरी टाकू नका. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात एकदम धान्य गेलं की आम्लता होऊन ते मरू शकतं. तुमची गुरं असतील तर त्यांना लाळ्या-खुरकुताची लस वेळेवर द्या, हा रोग हरणांतही जातो.

कुंपण आणि पीक

माळाला कुंपण घालूच नका. पिकाला घाला. काटेरी तारेत पळतं हरीण अडकून फाटतं. पिकाभोवती जुन्या साड्या बांधायची आपल्याकडे पद्धत आहे, आणि कांद्याच्या शेताला नायलॉनची जाळीही. दोन्हींत नराची पिळदार शिंगं गुंततात. साडी लावायचीच तर ताणून, सैल झोळ न ठेवता, आणि रोज फेरी मारून. सौर कुंपण जास्त बरं. ते क्षणभराचा झटका देतं, जीव घेत नाही. जंगलालगतच्या गावांना त्यासाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अनुदान मिळतं. घरच्या लाइनवरून तारेत थेट करंट सोडणं हा गुन्हा आहे, आणि त्याने हरणाआधी माणूस मरतो.

पिकांची जागा बदलूनही नुकसान घटतं. माळाला लागून हरभरा, मूग, सोयाबीन टाकू नका; उगवणीच्या वेळी काळवीट शेंडे खुडतं. त्या बाजूला करडईच्या चार-सहा ओळी घाला, काट्यांमुळे कळप आत शिरायला कचरतो. लाडकी पिकं वस्तीच्या बाजूला घ्या.

तरी नुकसान होईलच. झालं की त्याच दिवशी पावलांचे ठसे, लेंड्या आणि खाल्लेल्या ओळींचे फोटो काढा आणि तीन दिवसांच्या आत वनरक्षक किंवा वनपालाकडे अर्ज द्या. सातबारा आणि बँक पासबुकाची प्रत जोडा. पंचनामा होईपर्यंत त्या तुकड्यात नांगर घालू नका. भरपाई पूर्ण नुकसानीएवढी नसते, पण अर्ज करत राहणं गरजेचं आहे. अर्जच नसतील तर तिथे नुकसान होत नाही असं सरकारदरबारी धरलं जातं, आणि शेजाऱ्यांचा राग हरणांवर निघतो.

पाडस दिसलं तर

गवतात एकटं, निपचित बसलेलं पाडस दिसेल. ते हरवलेलं नाही. आई त्याला लपवून चरायला गेलेली असते आणि दूध पाजायला परत येते. हात लावू नका, फोटोसाठी घुटमळू नका, उलट पावली फिरा. आपण भलेपणाने उचललेली पाडसं बहुतेक वेळा जगत नाहीत. गवत कापायला ब्रशकटर लावण्याआधी तुकडा पायी फिरून या, चंडोल, तित्तिर, धाविक यांची घरटीही जमिनीवरच असतात.

शेतावरचं कुत्रं रात्री बांधा. मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या या भागात पाडसांचा लांडग्यापेक्षा मोठा शत्रू आहेत. मेलेली जनावरं, कोंबड्यांची घाण उघड्यावर टाकली की त्या टोळ्या वाढतात, तेव्हा ते पुरा. विहिरीत पडलेलं किंवा जखमी हरीण दिसलं तर गर्दी जमवू नका. घाबरलेलं काळवीट नुसत्या धसक्यानेही मरतं. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा, डोळ्यांवर फडकं टाकता आलं तर टाका आणि लोकांना लांब ठेवा.

पुढे

तिसऱ्या-चौथ्या वर्षी शेजारचे दोघं-तिघं तयार झाले तर एकमेकांच्या राखलेल्या तुकड्यांची सांगड घाला. एकट्या पाच एकरांवर कळप राहत नाही, जोडलेल्या पन्नास एकरांवर राहू शकतो. मधली कुंपणं काढा, कापणीचं वेळापत्रक एकत्र ठरवा, वाळलेलं गवत एकत्र विका. दुष्काळी सालात राखलेल्या माळाच्या गवताला चांगला भाव मिळतो. त्याही पुढे जायचं असेल तर २००२च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यात सामुदायिक राखीव क्षेत्राची तरतूद आलेली आहे. खासगी किंवा गावाच्या जमिनीवर, मालकांच्या इच्छेने ते जाहीर होतं आणि त्याचं व्यवस्थापन गावातल्याच समितीकडे राहतं. पण ते झाल्यावर राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही, म्हणून घरातल्या सगळ्या वारसदारांशी बोलूनच ग्रामसभेत विषय मांडा.